कर्ली टॉपपासून टोमॅटो आणि बीट वाचवणारी जाळी: दोन सीझन वापरून लिहितेय

५ पैकी ४ स्टार. एक स्टार का कापला ते खाली सांगते, पण ज्यांना घाईत फक्त घ्यावी का नको एवढंच हवंय त्यांच्यासाठी आधीच लिहिते की घ्या, आणि रोपं लावायच्या आधी घ्या, नंतर घेऊन उपयोग नाही.

आम्ही आयडाहोत राहतो, बॉयसीला लागून मेरिडियन आहे तिथं. जाळी घ्यायच्या आधीच्या एका उन्हाळ्यात माझी टोमॅटोची १४ पैकी ११ झाडं गेली आणि बीटचा अख्खा वाफा उपटून टाकावा लागला. इकडं आपल्या मराठी लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, दरवर्षी जून संपत आला की त्यावर आक्रसलेल्या टोमॅटोचे फोटो यायला लागतात आणि खाली कोणी म्हणतं पाणी कमी पडलं, कोणी म्हणतं कॅल्शियम द्या, कोणी आंबट ताक फवारायला सांगतं. मी पण त्या वर्षी तेच सगळं केलं, पाणी वाढवलं, खत दिलं, ताक झालं, नीमचं तेल झालं. झाडं काही उठली नाहीत. पाण्याचा प्रश्नच नव्हता, तो व्हायरस होता. बीट कर्ली टॉप व्हायरस.

नावात बीट आहे म्हणून टोमॅटोवाले लक्ष देत नाहीत, तिथंच गडबड होते. हा रोग आधी शुगरबीटवर, म्हणजे ज्यापासून साखर काढतात त्या बीटवर, ओळखला गेला म्हणून नाव तसं पडलं, पण तो ३०० च्या वर जातींच्या झाडांवर येतो. टोमॅटो, मिरची, बीन्स, पालक, भोपळा, काकडी, सगळं आलं त्यात.

ओळखायचा कसा ते नीट सांगते कारण फोटोत कळत नाही, हात लावून कळतं. टोमॅटोचं पान वरच्या बाजूला वळतं, गुंडाळी होते त्याची, आणि ते जाड होतं, चामड्यासारखं, दुमडलं तर कडक लागतं. तहानलेल्या झाडाचं पान लुळं पडतं, हे लुळं नसतं, हा मोठा फरक आहे. पानाच्या मागच्या शिरा जांभळ्या दिसतात. पूर्ण झाड एक प्रकारचं मळकट पिवळं होतं, वाढ तिथंच थांबते, आणि जी चार फळं लागलेली असतात ती सुपारीएवढी असतानाच लाल होतात. बीटचं पान मात्र आतल्या बाजूला गुंडाळतं आणि ते उलटं करून मागच्या शिरांवरून बोट फिरवलं तर बारीक खडबडीत फोड लागतात, खसखस चिकटल्यासारखे. कंद उपटला तर त्याला केसासारख्या बारीक मुळ्यांची दाढी आलेली असते, आणि आडवा कापला तर आतली वर्तुळं काळपट पडलेली. मी ते बीट कापलं तेव्हा दोन मिनिटं हातात धरून तशीच उभी होते, एप्रिलपासून रोज पाणी घातलेला वाफा होता तो.

ती कापलेली बीटं आणि टोमॅटोची एक फांदी पिशवीत घालून आयडाहो युनिव्हर्सिटीच्या एक्स्टेंशन ऑफिसात घेऊन गेले. तिथं मास्टर गार्डनर व्हॉलंटियर असतात, त्यातल्या एका आजींनी पान उलटं केलं, शिरा बघितल्या आणि लगेच नाव सांगितलं. औषध काय विचारलं तर म्हणाल्या औषध नाही, झाड उपटून टाक, पुढच्या वर्षी पहिल्या दिवसापासून झाकून ठेव. ह्या सेवेला माझ्याकडून ५ पैकी ५, माझा अर्धा तास गेला असेल आणि दोन महिन्यांचा गोंधळ संपला.

घरी येऊन नारायणगावला फोन लावला. आमच्या अण्णांनी आयुष्यभर टोमॅटो केलाय, २०२० ला जुन्नर-संगमनेरकडं टोमॅटोवर व्हायरस आला होता ना, ज्याला लोकांनी तिरंगा नाव ठेवलं, त्यात त्यांचं पण एक रान गेलं होतं. व्हिडिओवर पान दाखवलं तर म्हणाले, "आगं, हा तर आपल्या मिरचीवरच्या बोकड्यासारखाच दिसतोय, तिकडं पण आला का?" मग मी वाचून वाचून त्यांना सांगितलं की अण्णा, हा तोच नाही पण भाऊबंदच आहे. आपल्याकडं टोमॅटो-मिरचीचं पान गोळा करणारा लीफ कर्लचा व्हायरस आणि हा इकडचा, दोघं एकाच कुळातले, जेमिनीव्हायरस. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली जोडफळासारखे दोन दोन चिकटलेले कण दिसतात म्हणून ते नाव. फरक एवढाच की आपल्याकडं तो पांढरी माशी पसरवते आणि इकडं तुडतुडे, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक उडते किडे. त्यावर अण्णांचं उत्तर एका वाक्याचं होतं, "मग क्रॉप कव्हर टाक की." कलिंगड-खरबुजावाले आणि आता मिरचीवाले पण रोपं लावल्यावर पहिले वीस-पंचवीस दिवस ते पांढरं कापड टाकतात ते तुम्ही हायवेवरून बघितलं असेलच.

म्हणून मी आधी तेच घेतलं. इकडं त्याला रो कव्हर म्हणतात, पांढरं न विणलेलं कापड, पाकिटावर स्क्वेअर यार्डला अर्धा औंस लिहिलेलं असतं, हिशोब केला तर १७ जीएसएम (चौरस मीटरला १७ ग्रॅम) होतं, म्हणजे नारायणगावात मिळतं तेच. स्वस्त आहे, हलकं आहे, एप्रिल-मेमध्ये थंडीपासून पण वाचवतं. पण इकडच्या उन्हाला आणि वाऱ्याला ते नाही टिकत. दुसऱ्याच आठवड्यात कमानीच्या टोकाला घासून फाटलं, आणि जूनमध्ये एका दुपारी बाहेर ९२ फॅरनहाइट होतं तेव्हा आत थर्मामीटर ठेवला तर १०८ दाखवला. एवढ्या उष्णतेत टोमॅटोची फुलं गळतात. काढून टाकावं तर तुडतुडे, ठेवावं तर फुलगळ, अशात अडकले. पालक, मेथी, मुळा ह्यांच्यासाठी ते कापड छान आहे, मी अजून वापरते, पण टोमॅटोसाठी नको.

मग ही जाळी. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण सगळीकडं जवळपास तोच माल वेगवेगळ्या नावानं विकतात. घेताना तीन गोष्टी बघा. एक, विणलेली म्हणजे निटेड असावी, तिला भोक पडलं तरी ते उसवत पुढं जात नाही. दोन, भोकाचा साइज, माझ्या जाळीचा ०.८ मिलीमीटर आहे. बीटचा तुडतुडा साधारण ३ मिलीमीटरचा असतो त्यामुळं तो आत जायचा प्रश्न नाही. फुलकिडे मात्र एवढ्या भोकातून आरामात जातात, त्यांच्यासाठी ह्यापेक्षा खूप बारीक जाळी लागते आणि मग परत हवा अडते. तीन, यूव्हीला टिकणारी असावी, नाहीतर इथलं कोरडं ऊन एका सीझनमध्ये तिचा चुरा करतं. माझ्या जाळीचे दोन उन्हाळे झाले, अजून हाताला मऊ आहे, एक कोपरा सोडला तर कुठं फाटलेली नाही.

ऊन आत छान जातं, पाणी आरपार जातं, आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा तीन-चार डिग्रीच जास्त असतं. ह्यासाठीच मी चार स्टार देतेय.

आता तुडतुड्याबद्दल थोडं, कारण हे समजलं नाही तर जाळी चुकीची लावली जाते, मी पहिल्या वर्षी तशीच लावली होती. हा किडा आपल्या बागेत राहतच नाही. तो वाढतो बाहेरच्या माळरानावर. हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला तिथं मोहरीच्या कुळातलं रानटी तण असतं, आणि उन्हाळ्यात ते गोल गोल होऊन रस्त्यावरून पळत जातं ना टंबलवीड, ते असतं. व्हायरस त्या तणात असतो. वसंतात ऊन वाढलं की पहिलं तण वाळतं, मग हे लाखो किडे वाऱ्यावर बसून निघतात आणि जिथं हिरवं दिसेल तिथं उतरतात, शेकडो किलोमीटर लांबून पण येतात. आमच्याकडं हे साधारण मे-जूनमध्ये होतं, म्हणजे नेमकं आपण टोमॅटोची रोपं लावतो तेव्हाच. इकडं पद्धतच आहे, बोगस बेसिनच्या डोंगरावरचा बर्फ दिसेनासा झाला की टोमॅटो लावायचे, आणि तिकडं माळावरून हे निघालेले असतात.

रोगट झाडावर मिनिटभर तोंड लावलं तरी त्याला व्हायरस मिळतो, मग चारेक तासांनंतर तो दुसऱ्या झाडाला द्यायला तयार, आणि एकदा अंगात गेला की मरेपर्यंत तो व्हायरस घेऊन फिरतो. टोमॅटो तर त्याला आवडत पण नाही. तो उतरतो, एकदा चव बघतो, नको म्हणून उडून जातो, पण त्या एका चवीत आपलं झाड गेलं. ह्यामुळंच फवारणीचा घरच्या बागेत काही उपयोग होत नाही, औषध लागून तो मरायच्या आधीच काम झालेलं असतं. आणि लक्षणं दिसायला पुढं एक-दोन आठवडे जातात, तोपर्यंत किडा कुठल्या कुठं गेलेला. मला आठवतंय, मी पानं उलटी करून करून किडा शोधत होते, एक पण सापडला नाही, म्हणून तर वाटलं की रोग जमिनीतून आला. माती बदलायला ट्रॉली मागवणार होते! मातीतून येत नाही हा, बियांतून पण नाही.

आता ग्रुपवर एकानं विचारलं होतं की मग कॉल्डवेल-नाम्पाकडं जाताना मैलोन् मैल शुगरबीट उभं दिसतं ते कसं काय मरत नाही. चांगला प्रश्न आहे. एकेकाळी मरत होतं. अमेरिकेत हा रोग १८८८ साली नेब्रास्कात पहिल्यांदा नोंदला गेला, तुडतुड्याचा संबंध १९०९ ला युटामध्ये काम करणाऱ्या बॉल नावाच्या किटकशास्त्रज्ञानं दाखवला, आणि १९२० च्या दशकात पश्चिमेकडं बीटचं एवढं नुकसान झालं की साखर कारखाने बंद पडले, आमच्या स्नेक नदीच्या खोऱ्याला पण जबर फटका बसला. १९३० च्या दशकात रोग सहन करणाऱ्या जाती आल्या तेव्हा कुठं शेतकरी परत बीटकडं वळले. आजच्या शुगरबीटमध्ये ती ताकद असते आणि वर बियाण्याला निओनिकोटिनॉइड ह्या कीटकनाशकाचा लेप असतो, त्यामुळं कोवळं असताना रोप वाचतं. आपण कोशिंबिरीचं लाल बीट लावतो त्या पाकिटातल्या बियांना सहसा ह्यातलं काहीच नसतं. त्यामुळं शेजारच्या शेतात बीट मस्त दिसतंय म्हणून आपल्या वाफ्याला काही होणार नाही असं धरू नका. साखरेच्या गावात मोठी झालेली माणसं आपण, ऑक्टोबरमध्ये नाम्पाच्या कारखान्याबाहेर बीटचे डोंगर लागलेले बघितले की मला आमच्याकडच्या गाळप हंगामाच्या उसाच्या बैलगाड्या आठवतात, आणि ह्या बीटला केवढ्या संकटातून माणसांनी वर काढलंय ते कळल्यापासून तर जास्तच आपलेपणा वाटतो.

असो, एक स्टार कापला तो साइजच्या तक्त्यासाठी. वेबसाइटवर विक्रेत्यानं ४ फुटी वाफ्याला साडेसहा फूट रुंद जाळी पुरेल असं लिहिलं होतं आणि फोटोत खाली टोमॅटो दाखवले होते. साडेसहा फुटात काय होतं, कमान जेमतेम दीड-दोन फूट उंच होते आणि कडा जमिनीला टेकत पण नाहीत. टोमॅटो १५ जूनलाच डोकं लावतो. पाकिटात कडा दाबायच्या असतात ह्याबद्दल एक शब्द नव्हता, आणि सगळा खेळ तर कडांचाच आहे, एका बाजूनं चार बोटं उघडी राहिली तरी किडा आत, आणि आत गेलेला बाहेर कसा पडणार. परत पाठवायला गेले तर पाकीट उघडलंय म्हणून पोस्टेज माझ्याकडूनच घेतलं, वर ईमेलला उत्तर यायला नऊ दिवस लागले. मे महिन्यातले नऊ दिवस म्हणजे बागेचं अर्धं वर्ष असतं हे त्यांना कळायला हवं, ते बागेचंच सामान विकतात.

तर माप माझ्याकडून घ्या. वाफा ४ फूट रुंद असेल तर १० फुटी पीव्हीसी पाइप वाकवून दोन बाजूंना जमिनीत ठोकलेल्या सळईवर घाला, कमान चारेक फूट उंच होते. त्याला जाळी १२ फूट तरी रुंद पाहिजे, मी १३ बाय २० ची घेतली, ४६ डॉलर पडले. दोन्ही बाजूंच्या कडा विटांखाली नाही, मातीत पुरायच्या. एक बाजू कायमची पुरा आणि दुसऱ्या बाजूला जाळी लांब लाकडी पट्टीला गुंडाळून पट्टीच खाली दाबा, म्हणजे आत काम करायचं असेल तर पट्टी उचलली की झालं. पाइपवर पकडायला क्लिप मिळतात त्या घ्या, कपड्यांचे चिमटे वाऱ्यात उडतात.

लावायची कधी, तर रोप लावलं त्याच दिवशी, त्याच तासाला म्हटलं तरी चालेल. बीटला बी पेरल्यावर लगेच. पहिल्या वर्षी मी रोपं लावून चार दिवसांनी जाळी टाकली, म्हटलं जरा रुजू देत, आणि १२ मधली २ झाडं गेली. दुसऱ्या वर्षी लगेच टाकली आणि आतलं १२ पैकी एकही गेलं नाही. मुद्दाम ४ झाडं बाहेर लावली होती, त्यातली ३ गेली. एका घरच्या बागेचा हिशोब आहे हा, किडा दरवर्षी सारखा येत नाही, काही वर्षं तो कमीच असतो, त्यामुळं तुमचे आकडे वेगळे येतील. पण मी माझ्या डोळ्यांनी एकाच पाण्यावर एकाच खतावर दीड हात अंतरावर वाढलेली झाडं बघितलीत, आतलं काळंभोर हिरवं आणि बाहेरचं पिवळं पडून गोळा झालेलं.

काढायची कधी ह्यावर मात्र विचार करा. टोमॅटो, मिरची, बीन्सला मधमाशी नसली तरी चालतं, टोमॅटोच्या फुलांना रोज सकाळी जाळीवरूनच काठीनं हलकं हलवते मी. काकडी-भोपळ्याला फुलं आली की जाळी काढावीच लागते, नाहीतर फळच धरणार नाही. टोमॅटोवरची मी ४ जुलैच्या आसपास काढते, तोवर झाड मोठं झालेलं असतं, आणि मोठं झाड कोवळ्यासारखं पटकन बसत नाही. बीटवरची शेवटपर्यंत काढत नाही.

एक धोका सांगायचा राहिला. आत मावा शिरला तर तो जाळीतच पोसला जातो, कारण त्याला खाणारे लेडीबग बाहेर राहतात. मागच्या जूनमध्ये बीटच्या पानाला हात लावला तर बोटं चिकट झाली, उलटं केलं तर कोवळ्या पानांच्या बेचक्यात हिरवा मावा गच्च बसलेला. पाइपनं जोरात पाणी मारून तीन दिवस धुतला तेव्हा गेला. त्यामुळं आठवड्यातून एकदा पट्टी उचलून आत बघाच, आणि तण पण काढा, जाळीत तणाची चंगळ होते. संध्याकाळी वारा पडल्यावर उघडा आणि लगेच बंद करा.

ज्यांना जाळीचा खर्च किंवा खटपट नको त्यांनी निदान एवढं करा की एका खड्ड्यात दोन रोपं लावा, एक गेलं तर एक राहतं, आणि दुपारनंतर सावली येणारी जागा निवडा, हा तुडतुडा उन्हातला आहे, सावलीत कमी उतरतो. माझं बाहेरचं जे एक झाड वाचलं ते कुंपणाच्या सावलीतलंच होतं. अपार्टमेंटमध्ये बाल्कनीत दोन कुंड्या असतील तर एवढी मोठी जाळी नका घेऊ, टोमॅटोच्या पिंजऱ्यावर जुना पांढरा नेटचा पडदा गुंडाळून खालून बांधा, माझ्या मैत्रिणीनं तसंच केलंय आणि तिच्या दोन्ही कुंड्यांना ऑगस्टमध्ये टोमॅटो होते.

सीझन संपला की जाळी नुसत्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा, घडी न घालता पाइपला गुंडाळून गॅरेजमध्ये ठेवा. घडीच्या रेषेवर ती आधी फाटते, माझा तो एक कोपरा तसाच गेला. ह्या वर्षी बीन्सच्या वाफ्यासाठी अजून एक १३ बाय २० मागवलीये, दुसऱ्या दुकानातून, आणि मेरिडियन-ईगलमध्ये कोणाला पाइप वाकवायला किंवा सळ्या ठोकायला हात हवा असेल तर ग्रुपवर सांगा, मे उजाडायच्या आत येऊन लावून देते.